मॅक्स फ्लोचा प्रोग्राम मोठ्या इनपुटवर रखडतो: अल्गोरिदम बदलण्याआधी काय तपासायचं

मॅक्स फ्लो म्हणजे जाळ्याच्या एका टोकाकडून (सोर्स) दुसऱ्या टोकापर्यंत (सिंक) जास्तीत जास्त किती माल नेता येईल हा प्रश्न. नोड म्हणजे जाळ्यातले बिंदू, एज म्हणजे त्यांना जोडणारे रस्ते, आणि एका एजमधून जास्तीत जास्त जितकं जाऊ शकतं ती तिची कपॅसिटी. तक्रार जवळपास नेहमी एकाच साच्यातली असते. पाच-सहा नोडच्या उदाहरणावर उत्तर बरोबर येतं, दोन-चारशे नोडवरही चालून जातं. मग खरा डेटा येतो, वीस हजार नोड आणि लाखभर एज, आणि प्रोग्राम जो बसतो तो उठतच नाही. पुढचा प्रवासही ठरलेला. फोर्ड-फल्करसन होता म्हणून एडमंड्स-कार्प लावला, तोही हळू म्हणून डिनिक आणला, तरी हलेना म्हणून आता पुश-रिलेबलचा तयार कोड शोधणं चालू आहे (ही सगळी मॅक्स फ्लो काढण्याच्या अल्गोरिदमची नावं). मूळ दोष मात्र जिथल्या तिथेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डिनिकपर्यंत पोचलेला असाल तर पुढचा अल्गोरिदम शोधू नका. दोष बहुतेक वेळा दोनपैकी एका ठिकाणी निघतो: डीएफएसमधल्या (एका रस्त्याने खोलवर जाऊन मागे फिरणारा शोध) एखाद्या ओळीत, नाहीतर गरजेपेक्षा कितीतरी मोठ्या बांधलेल्या ग्राफमध्ये. आणि यातलं नेमकं काय आहे हे कोडकडे टक लावून कळत नाही, मोजल्यावर कळतं.

खाली नोडची संख्या 'न' आणि एजची संख्या 'म' धरली आहे. ओ(…) म्हणजे काम जास्तीत जास्त कशाच्या पटीत वाढतं त्याची मर्यादा, आणि 'शिल्लक' म्हणजे एजमध्ये अजून उरलेली जागा.

आधी काउंटर लावा

डिनिक दर फेरीला बीएफएसने (सोर्सपासून थराथराने पसरणारा शोध) नोडना पातळ्या देतो, आणि मग डीएफएसने फक्त पुढच्या पातळीकडे जाणाऱ्या एजवरून फ्लो ढकलतो. त्याच्या कोडमध्ये तीन काउंटर टाका. बीएफएसच्या किती फेऱ्या झाल्या, सिंकपर्यंत किती वेळा फ्लो पोचला (म्हणजे किती ऑगमेंटेशन झाली), आणि डीएफएसने एकूण किती वेळा कुठली ना कुठली एज तपासली. सोबत दर फेरीला सिंकची पातळी, म्हणजे सोर्सपासून त्याचं अंतर, छापा. दहा ओळींचं काम आहे.

या आकड्यांतून काय वाचायचं? येफिम डिनिट्स यांनी १९७० साली मांडलेल्या या अल्गोरिदमचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: प्रत्येक फेरीनंतर सिंकची पातळी वाढलीच पाहिजे. तेवढीच राहिली तरी चालणार नाही, वाढायलाच हवी. म्हणून फेऱ्या न − १ पेक्षा जास्त होऊच शकत नाहीत, आणि प्रत्यक्षात त्या सहसा डझन-दोन डझनांत आटपतात. छापलेल्या पातळ्यांमध्ये ४, ४, ४, ४, ५, ५ असं काही दिसलं तर तुमचा डिनिक हा डिनिक नाही. फेऱ्या कमी पण एज-तपासण्या अब्जावधी असतील तर दोष वेगळा आहे. आणि फेऱ्या, तपासण्या दोन्ही वाजवी असून वेळ जात असेल तर मेमरीची मांडणी किंवा ग्राफचा आकार बघायचा. आता एकेक.

ऑगमेंटेशनचा आकडा फ्लोच्या किमतीएवढा येतोय

हा अजूनही साधा फोर्ड-फल्करसन आहे, नाव काहीही दिलेलं असो. चार नोड घ्या: सोर्स, क, ख, सिंक. सोर्स→क, सोर्स→ख, क→सिंक, ख→सिंक या चारही एजची कपॅसिटी १०० कोटी, आणि मधल्या क→ख ची १. डीएफएसने आधी सोर्स→क→ख→सिंक हा मार्ग धरला तर फक्त १ फ्लो जातो. पुढच्या वेळी सोर्स→ख→क→सिंक असा, मधल्या एजच्या उलट दिशेने, पुन्हा १ (गेलेला फ्लो मागे घेता यावा म्हणून प्रत्येक एजला एक उलटी एज ठेवतात). मग परत पहिला मार्ग. असं २०० कोटी वेळा. सर्वांत कमी एजचा मार्ग आधी घेतला असता तर दोन ऑगमेंटेशनमध्ये काम संपतं, आणि जॅक एडमंड्स व रिचर्ड कार्प यांच्या १९७२ च्या पेपरचा गाभा हाच: मार्ग बीएफएसने निवडा, मग ऑगमेंटेशन ओ(न·म) च्या वर जात नाहीत, कपॅसिटी कितीही मोठी असली तरी.

एडमंड्स-कार्पचा एकूण खर्च ओ(न·म²), डिनिकचा ओ(न²·म). विरळ ग्राफवर कागदावर फरक फारसा दिसत नाही, चालवल्यावर मात्र मोठा असतो, कारण डिनिक एका बीएफएसवर अनेक मार्ग काढून घेतो. कपॅसिटी खूप मोठ्या आणि एज त्यामानाने कमी असतील तर कपॅसिटी स्केलिंगही चांगलं काम देतं: आधी फक्त मोठी शिल्लक असलेल्या एज वापरायच्या, मग उंबरठा निम्मा करत जायचं. पण कोड नव्याने लिहायचाच आहे तर थेट डिनिक लिहा.

फेऱ्या थोड्या, एज-तपासण्या अफाट

इथे जवळजवळ नक्कीच चालू एजची खूण हरवलेली असते. प्रत्येक नोडसाठी एक खूण ठेवायची असते: या फेरीत या नोडच्या कुठल्या एजपर्यंत आपण आलो. वाया गेलेली एज त्या फेरीत पुन्हा कधीच बघायची नाही. डीएफएस असा दिसायला हवा:

    शोध(नोड, मर्यादा):
        नोड == सिंक असेल तर मर्यादा परत द्या
        गेला = ०
        जोवर खूण[नोड] < एजसंख्या[नोड]:
            ए = एज[नोड][खूण[नोड]]
            ए.शिल्लक > ० आणि पातळी[ए.पुढचा] == पातळी[नोड] + १ असेल तर:
                द = शोध(ए.पुढचा, लहान(मर्यादा − गेला, ए.शिल्लक))
                ए.शिल्लक −= द
                उलट(ए).शिल्लक += द
                गेला += द
                गेला == मर्यादा असेल तर गेला परत द्या
            खूण[नोड] += १
        गेला परत द्या

सी प्लस प्लसमध्ये लोक खूण एका लोकल व्हेरिएबलमध्ये घेतात आणि रेफरन्सचा अँपरसँड विसरतात. मग वाढते ती नक्कल, मूळ खूण शून्यावरच राहते. प्रोग्राम कंपाइल होतो, उत्तर बरोबर देतो, छोट्या इनपुटवर झटपट चालतो. मोठ्यावर काय होतं ते बघा. लेव्हल ग्राफमध्ये (फक्त पुढच्या पातळीकडे जाणाऱ्या एजचा ग्राफ) एकापुढे एक ३० 'चौकटी' आहेत (एका नोडमधून दोन फाटे, दोन्ही पुढच्या नोडला मिळतात) आणि शेवटी रस्ता बंद. सिंकला जायचा खरा मार्ग भलतीकडूनच, यापेक्षा लांबचा आहे. खूण नसेल तर डीएफएस त्या बंद टोकाला २³० वेळा, म्हणजे १०७ कोटींहून अधिक वेळा जाऊन हात हलवत परत येतो. खूण असेल तर प्रत्येक एज एकदाच.

खूण दर फेरीला बीएफएसनंतर शून्यावर आणायची, हेही बघून घ्या. ती रीसेट फेरीच्या आत, प्रत्येक डीएफएसआधी केली तर वाया गेलेल्या एज दर डीएफएसला पुन्हा तपासल्या जातात.

पातळी वाढत नाही, तरी उत्तर बरोबर

ही चूक सगळ्यांत फसवी आहे, म्हणून हिच्यावर थोडं थांबतो. वरच्या कोडमध्ये मर्यादा पूर्ण झाली की आपण खूण पुढे न सरकवता परत फिरतो. पुष्कळ जण तीच गोष्ट फॉर लूपच्या अटीत घालतात: 'गेला < मर्यादा असेपर्यंत फिर, दर वेळी खूण एकने वाढव'. वाचायला तेच वाटतं. पण फॉर लूपमध्ये आधी खूण वाढते आणि मग अट तपासली जाते. म्हणजे जिच्यात अजून जागा शिल्लक आहे अशी एजही मागे पडते.

आकड्यांत बघू. मध्यावर एक नोड आहे, त्याच्यातून सिंककडे एकच एज, कपॅसिटी मोठी. त्याच्याकडे येणाऱ्या एज १०,०००, प्रत्येकी थोड्या कपॅसिटीच्या, प्रत्येक सोर्सच्या एकेका शेजाऱ्याकडून. पहिल्या शेजाऱ्याकडून ३ फ्लो आला, तो पुढे गेला, मर्यादा पूर्ण झाली, लूपने जाता जाता खूण एकने सरकवली. मधल्या नोडची एजयादी तिथेच संपली. दुसरा शेजारी ४ घेऊन येतो तर नोड सांगतो, माझ्याकडे पुढे काही नाही. फेरी संपते, नवा बीएफएस, सिंकची पातळी तीच, आणि आणखी एकाच शेजाऱ्याचा फ्लो जातो. एका फेरीचं काम १०,००० फेऱ्यांत, आणि प्रत्येक फेरीला अख्ख्या ग्राफवरून बीएफएस. उत्तर शेवटी अगदी बरोबर येतं, कारण बाहेरचा लूप सिंक गाठता येतंय तोवर थांबत नाही. म्हणूनच ही चूक टेस्टमध्ये सापडत नाही. पातळी छापली तरच सापडते.

पातळी वाढलीच पाहिजे ही अट कोडमध्ये असर्ट म्हणून कायमची घालून ठेवा. वेळेत ती जाणवतही नाही.

बायपार्टाइट मॅचिंगसाठी (दोन गटांतल्या नोडच्या जास्तीत जास्त जोड्या लावणं) याहून कडक कसोटी उपलब्ध आहे. तिथे डिनिकच्या फेऱ्या ओ(√न) मध्ये संपतात, हॉपक्रॉफ्ट-कार्पच्या १९७३ च्या अल्गोरिदमचीही हीच मर्यादा. २०,००० नोडचं वर्गमूळ १४१ च्या आसपास. तुमचा काउंटर चार हजार दाखवत असेल तर डेटाला दोष देऊ नका.

प्रोग्राम थांबतच नाही

कपॅसिटी दशांशात असेल तर आधी बीएफएस आणि डीएफएसमधल्या तुलना शेजारी शेजारी ठेवून वाचा. बीएफएसमध्ये 'शिल्लक > ०' आणि डीएफएसमध्ये 'शिल्लक > एप्सिलॉन' (एक अगदी छोटा आकडा) असं असेल तर बीएफएसला एक केसाएवढी शिल्लक दिसते, तो सिंकपर्यंत पोचतो, डीएफएस तीच एज नाकारतो, शून्य फ्लो जातो, आणि हेच अनंत काळ. दोन्हीकडे एकच अट हवी. त्याहून बरं म्हणजे दशांश टाळाच: सगळ्या कपॅसिटी दहाच्या योग्य घाताने गुणून पूर्णांक करा आणि शेवटी भागा. फोर्ड-फल्करसनच्या बाबतीत हा नुसता व्यवहारातला त्रास नाही. कपॅसिटी अपरिमेय असतील तर तो कधीच न संपता चुकीच्या किमतीकडे सरकत राहू शकतो, हे सिद्ध झालेलं आहे.

थांबत नाही याऐवजी कोसळतो असं असेल तर रिकर्शनची खोली. मार्गाची लांबी न पर्यंत जाऊ शकते. पायथनची मूळ मर्यादा १,००० ची, ती वाढवली तरी मोठ्या ग्रिडवर स्टॅक पुरत नाही. डीएफएस स्वतःच्या स्टॅकवर लिहा, मार्गातल्या एज एका ॲरेत ठेवून.

उत्तरच चुकतंय

उत्तर ऋण आलं तर विचार करायची गरजच नाही. ३२ बिटच्या इंटिजरमध्ये २,१४,७४,८३,६४७ च्या वर जागा नाही, आणि १०० कोटी कपॅसिटीच्या तीन एज सोर्समधून निघाल्या की संपलं. बेरीज ६४ बिटमध्ये घ्या. 'अनंत' म्हणून टाइपची कमाल किंमत कधीही वापरू नका. दोन्ही बाजूंनी अनंत असलेल्या एजमधून एका दिशेने फ्लो गेला की उलट्या एजची शिल्लक 'अनंत अधिक काहीतरी' होते आणि ओव्हरफ्लो. कमालीच्या पाव भागाएवढी किंमत पुरते, फक्त ती सगळ्या खऱ्या कपॅसिटींच्या बेरजेपेक्षा मोठी असायला हवी. ही दुसरी अट मिनिमम कटच्या (सोर्स आणि सिंक एकमेकांपासून तोडणाऱ्या, कमीत कमी कपॅसिटीच्या एज शोधण्याच्या) मॉडेलमध्ये विसरली जाते आणि मग कट बिनदिक्कत 'अनंत' एजमधूनच जातो.

उलट्या एजचा क्रमांक एक्सऑर १ करून काढत असाल तर जोड्या ०-१, २-३ अशा लागल्या पाहिजेत. एजची मोजणी १ पासून सुरू केली की १ ची जोडी ० शी लागते आणि सगळंच घसरतं. दुसऱ्या टेस्टकेसआधी हा मोजणी-काउंटर परत शून्यावर आणला का, हेही तिथेच बघा.

मॅट्रिक्स किंवा डिक्शनरी वापरणाऱ्यांचा नेहमीचा घोळ वेगळा. क→ख टाकताना उलटी जागा म्हणून 'कपॅसिटी[ख][क] = ०' लिहायचं, आणि ख→क ही खरी एज आधीच टाकलेली असेल तर ती पुसली जायची. क→ख दोनदा आली तर बेरीज व्हायला हवी, तिथे दुसरी पहिलीवर बसते. शिवाय ५,००० नोडचा मॅट्रिक्स म्हणजे अडीच कोटी खाने, आणि प्रत्येक बीएफएस ते सगळे चाळणार. ॲडजेसन्सी लिस्ट घ्या, हे दोन्ही प्रश्न मिटतात.

दिशा नसलेल्या एजसाठी चार नोंदी करायची गरज नाही. एकच जोडी, दोन्हीकडे कपॅसिटी तीच.

लायब्ररी वापरत असाल तर तिचे नियम वाचून घ्या. पायथनच्या नेटवर्कएक्समध्ये एखाद्या एजला कपॅसिटी दिलीच नाही तर ती अनंत धरली जाते. ॲट्रिब्यूटचं नाव टाइप करताना चुकलं की एरर येत नाही, एज अनंत होते. मल्टिग्राफ तिथे फ्लोसाठी चालत नाही, आणि साध्या डायग्राफमध्ये तीच एज दुसऱ्यांदा टाकली की आधीची कपॅसिटी बदलते. ओआर-टूल्समधला मॅक्स फ्लो पूर्णांक कपॅसिटीच घेतो, दशांश गुणून मगच द्यायचे.

उत्तराचा पुरावा फुकट मिळतो, तो घ्या

फ्लोच्या प्रश्नांची एक चैन अशी की उत्तर बरोबर आहे का हे दुसरा प्रोग्राम न लिहिता कळतं. शेवटी रेसिड्युअल ग्राफवर (शिल्लक असलेल्या एजचा ग्राफ, उलट्या एजसकट) सोर्सपासून एक बीएफएस करा, जिथवर पोचता येतं ते नोड एका बाजूला. मूळ ग्राफमध्ये या बाजूकडून बाहेर जाणाऱ्या एजच्या मूळ कपॅसिटींची बेरीज करा. ती फ्लोएवढी आली, कुठल्याही एजवर कपॅसिटीपेक्षा जास्त फ्लो नाही, आणि सोर्स-सिंक सोडून प्रत्येक नोडवर आवक-जावक जुळली, की उत्तर सिद्ध झालं. कुठलाही वैध फ्लो कुठल्याही कटपेक्षा मोठा असू शकत नाही, त्यामुळे दोन आकडे जुळले की दोन्ही टोकाचे. १९५६ साली लेस्टर फोर्ड आणि डेल्बर्ट फल्करसन यांनी मांडलेला प्रमेय तो हाच.

त्या दोघांपर्यंत हा प्रश्न आला तोही कटच्या बाजूने, असं म्हणायला हरकत नाही. अमेरिकेतल्या हॅरिस आणि रॉस यांच्या १९५५ च्या अहवालात सोव्हिएत रेल्वेचं ४४ नोड आणि १०५ एजचं जाळं होतं, आणि लक्ष होतं ते सर्वांत अरुंद जागी तोडायचं कुठे याकडे. अहवाल १९९९ पर्यंत गुप्त होता. आजच्या हिशेबाने ते इनपुट म्हणजे नमुना टेस्टकेस.

कट काढताना एक नेहमीची गफलत: भरलेल्या सगळ्या एज म्हणजे कट, असं समजणं. सोर्स→क→ख→सिंक, तिन्हींची कपॅसिटी ५. तिन्ही भरतात, पण कटमध्ये एकच येते. बीएफएसने मिळालेल्या बाजूवरूनच कट ठरवायचा. कटमध्ये एजची संख्याही कमीत कमी हवी असेल तर प्रत्येक कपॅसिटीला (म + १) ने गुणून १ मिळवा आणि तोच प्रोग्राम चालवा. शून्य कपॅसिटीच्या एज आधी काढून टाका, आणि गुणाकाराने ओव्हरफ्लो होत नाही ना ते बघा.

हा पुरावा अल्गोरिदमचा आहे, मॉडेलचा नाही. नोडलाच मर्यादा असेल तर त्याचे 'आत' आणि 'बाहेर' असे दोन तुकडे करून मध्ये त्या मर्यादेची एज लागते, आणि मूळ एज एकाच्या 'बाहेर'कडून दुसऱ्याच्या 'आत'कडे जाते. ती चुकून 'आत'कडून 'आत'कडे जोडली की मर्यादा गायब, आणि कट तरीही फ्लोशी जुळलेलाच.

काउंटर ठीक आहेत, ग्राफच अवाढव्य आहे

खरी बचत इथे आहे, आणि इथेच लोक सगळ्यांत कमी वेळ घालवतात. एका गटातले १,००० नोड, दुसऱ्यातले १,०००, पहिल्यातला कुणीही दुसऱ्यातल्या कुणालाही कितीही देऊ शकतो. सरळ लिहिलं तर १० लाख एज. मध्ये एक रिकामा नोड ठेवा, पहिला गट त्याला जोडा, तो दुसऱ्या गटाला: २,००० एज, अर्थ तोच. हे चालतं ते प्रत्येक जोडीवर वेगळी मर्यादा नसते तेव्हाच. नियम 'क्रमांक ३०० ते ७०० पैकी कुणालाही' असा सलग पट्ट्यांचा असेल तर सेगमेंट ट्रीचे (क्रमांकांचे निम्मे-निम्मे तुकडे पाडत जाणारं झाड) नोड मध्ये घाला. मग प्रत्येक पट्ट्याला लॉग न च्या पटीत एज पुरतात. असं एक पाऊल अल्गोरिदम बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त देऊन जातं.

बायनरी सर्चच्या आत फ्लो चालवत असाल, आणि पॅरामीटर वाढला की कपॅसिटी फक्त वाढतातच असं असेल, तर दर वेळी शून्यापासून सुरुवात कशाला? शेवटच्या अपुऱ्या पडलेल्या किमतीचा रेसिड्युअल ग्राफ जपून ठेवा. नवी किंमत त्याहून मोठीच असणार, म्हणून तो फ्लो अजूनही वैध आहे. वाढीव कपॅसिटी मिळवा आणि तिथून पुढे चालवा. बदल फक्त सोर्स आणि सिंकच्या एजवर, ठरावीक दिशेने होत असेल तर गॅलो, ग्रिगोरियाडिस आणि टार्जन यांनी १९८९ मध्ये दाखवलेली रीत अशी अख्खी मालिका पुश-रिलेबलच्या एका धावेच्या मर्यादेत बसवते.

आता पुश-रिलेबल

हे सगळं पार करूनही वेळ जात असेल, ग्राफ दाट असेल, तर आंद्रू गोल्डबर्ग आणि रॉबर्ट टार्जन यांचा पुश-रिलेबल (१९८६ साली परिषदेत, १९८८ मध्ये जर्नलमध्ये) आणायला हरकत नाही. यात प्रत्येक नोडला एक उंची असते; जादा फ्लो साठलेला (सक्रिय) नोड तो खालच्या शेजाऱ्याकडे ढकलतो, तसा शेजारी नसेल तर त्याची उंची वाढवतात (रिलेबल). सर्वांत उंच सक्रिय नोड आधी घेतला तर मर्यादा ओ(न²√म). पण पाठ्यपुस्तकातला कोरा पुश-रिलेबल चालवून बघाल तर तो डिनिकपेक्षाही हळू निघण्याची शक्यता मोठी. त्याचा वेग दोन पूरक युक्त्यांत आहे. पहिली, ठरावीक रिलेबलनंतर सिंकपासून उलटा बीएफएस करून सगळ्या उंच्या नव्याने मोजणं. दुसरी, गॅप: एखाद्या उंचीवर एकही नोड उरला नाही तर तिच्या वरच्या आणि न पेक्षा कमी उंचीच्या नोडना सिंक गाठणं आता अशक्य आहे, त्यांना एका झटक्यात न च्या वर उचलायचं. या दोन्ही नसतील तर अडकलेला जादा फ्लो एकेक पायरी चढत सोर्सकडे परतण्यात सगळा वेळ जातो. फक्त फ्लोची किंमत किंवा कट हवा असेल तर तो परत पाठवूच नका, ज्या नोडची उंची 'न' एवढी झाली तो सोडून द्या.

चित्रांच्या ग्रिडवर, पिक्सेल वेगळे काढण्याच्या कामात, बॉयकोव्ह आणि कोल्मोगोरोव्ह यांचा २००४ चा अल्गोरिदम आधी वापरून बघा. त्याची सैद्धांतिक मर्यादा वाईट आहे, ग्रिडवरचा वेग उत्तम. याच्या नेमकं उलट उदाहरण २०२२ चं: चेन, किंग, लिउ, पेंग, गुटेनबर्ग आणि सचदेवा यांनी मॅक्स फ्लो जवळजवळ रेषीय वेळेत सुटतो हे दाखवलं. निकाल थोर आहे, पण उद्या सकाळी चालवायच्या प्रोग्रामला त्याचा उपयोग नाही.

खर्चासकट फ्लो असेल तर

मिन-कॉस्ट फ्लोचं, म्हणजे प्रत्येक एजला खर्च असताना तोच फ्लो सर्वांत स्वस्तात नेण्याचं, दुखणं वेगळं. प्रत्येक ऑगमेंटेशनला बेलमन-फोर्ड (ऋण खर्च चालणारा, पण हळू, स्वस्त मार्गाचा अल्गोरिदम) चालवत असाल तर तो फक्त सुरुवातीला एकदा चालवा, त्यातून पोटेन्शियल (एजचे खर्च ऋण राहू नयेत म्हणून प्रत्येक नोडला दिलेला आकडा) काढा, आणि पुढे वेगवान डाइक्स्ट्रा. सिंक गाठताच डाइक्स्ट्रा थांबवत असाल तर इथे ठरलेली चूक म्हणजे दर वेळी सगळ्या नोडच्या पोटेन्शियलमध्ये अंतर मिळवणं, जिथवर तो पोचलाच नाही त्या नोडचं 'अनंत'सुद्धा. पुढच्या वेळी तो नोड गाठता आला की खर्च ऋण दिसतो आणि डाइक्स्ट्रा चुकीचा मार्ग देतो. ज्यांचं अंतर पक्कं झालं नाही त्या नोडना त्या फेरीतल्या सर्वांत मोठ्या पक्क्या अंतराएवढंच मिळवा. कमी झालेला खर्च (पोटेन्शियल धरून बदललेला एजचा खर्च) ऋण नाही, असा असर्ट डाइक्स्ट्राच्या आत टाका, दोष पहिल्याच फेरीत पकडला जाईल.

मूळ ग्राफमध्येच ऋण खर्चाचं चक्र असेल तर बेलमन-फोर्ड स्थिर होणारच नाही. अशा वेळी ऋण खर्चाची प्रत्येक एज आधीच पूर्ण भरलेली धरा, तिच्याजागी धन खर्चाची उलटी एज ठेवा, आणि बिघडलेली आवक-जावक नव्या सोर्स-सिंकने भरून काढा.

ऑगमेंटेशनच खूप होत असतील तर समान खर्चाचे सगळे मार्ग एकदम काढा: कमी झालेला खर्च शून्य असलेल्या एजवर वरचाच डिनिकचा डीएफएस, खूण आणि सगळ्यासकट. शून्य खर्चाच्या एजची चक्रं असू शकतात, म्हणून आधी त्या एजवर बीएफएसने पातळ्या लावून घ्या. तरीही नॉर्मन झादे यांनी १९७३ मध्ये दिलेल्या जाळ्यांवर एकामागून एक स्वस्त मार्ग काढण्याची ही रीत घातांकी वेळ घेते. खरा डेटा सहसा इतका वाईट नसतो, पण मोठ्या कपॅसिटी आणि नाना तऱ्हेचे खर्च एकत्र आले की नेटवर्क सिम्प्लेक्स किंवा कॉस्ट स्केलिंगकडे वळा. ते स्वतः लिहू नका, लेमन किंवा ओआर-टूल्स या तयार लायब्ररींतून घ्या, आणि मिळालेलं उत्तर तपासायला शेवटच्या रेसिड्युअल ग्राफवर एकदा बेलमन-फोर्ड चालवा. ऋण चक्र सापडलं नाही तर खर्च किमान आहे.